रकाना क्रमांक सतरा

एप्रिलचे पंधरा दिवस
मार्केट यार्डामागच्या बागेत, फाटकापाशी बसून
मी माणसं मोजली.
महापालिकेचं काम, दिवसाला साडेचारशे,
एक पॅड, एक तापमापक आणि छापील तक्ते :
बागेपासून नागरिकांस होणारा लाभ
(नग, मिनिटे, रुपये).

दुपारी दोनला सांगलीच्या डांबरावर बेचाळीस,
शिरीषाखाली सदतीस.
एवढं सोपं होतं.
वजा केले की पाच, पाच म्हणजे पाचच.
त्या पाच अंशांत कोण कोण येऊन निजतं
ते उलट्या बाजूला लिहीत गेले,
जिथं काही छापलेलं नव्हतं.

सतराव्या प्रश्नाला मात्र जीभ अडखळायची :
ही बाग राहावी म्हणून
आपण दरमहा किती रुपये द्याल?

उपाध्ये गुरुजी म्हणाले, घरपट्टीत घेताच की,
आणि खिशातून पावती काढली,
घडीवर घडी, मधोमध फाटत आलेली.
दाखवून पुन्हा तशीच ठेवली.

स्पर्धा परीक्षेची पोरं म्हणाली,
ताई, निकाल लागू दे, मग विचारा.
त्यांचा बाक ठरलेला,
खाली पुस्तकं भिजू नयेत म्हणून
त्यांनीच कुठून तरी आणून बसवलेली शहाबादी फरशी.
तिसरं वर्ष आहे.

मेहरुन पावणेपाचला येते.
फोन कानाला लावून बसते अर्धा तास,
बोलत नाही काही.
घरी सांगते, बहिणीचा फोन होता.
आधी म्हणाली, वीस लिहा.
मग म्हणाली, खोडा ते, माझं नाव कुठं यायचं नाही ना?
तिचा कागद मी घरी नेला.
एकूण बेरजेत तेवढा एक कमी आहे,
आणि मेहरुन हे नावही तिचं नाही.

बिराप्पा हमाल, जतकडचा.
हळदीचे सौदे उरकले की
शिरीषाला पाठ लावून बसतो,
आणि उठून गेल्यावर
खोडावर त्याची पिवळी पाठ राहते.
त्यानं प्रश्न दोनदा ऐकला.
‘पैसं द्यायचं कुणाला ओ? झाडाला?’
म्हटलं, द्यायचे नाहीत, नुसतं समजायचं.
‘मग हजार समजा की. लाख समजा.
नुस्तं समजायचंच हाय
तर चिकटपणा कशाला?’

मी शून्य लिहिलं.
संदिग्ध उत्तर म्हणजे शून्य,
असं सूचनापत्रात होतं.

त्याच खोडावर, त्याच्या डोक्याच्याही वर दोन हात
पुराच्या पाण्याची रेघ.
माळीकाका सांगत होते,
पाणी ओसरल्यावर आठवडाभर
इथं फक्त गाद्या वाळत होत्या,
शंभर-सव्वाशे, हिरवळ दिसतच नव्हती,
आणि माणसं कुंपणाला टेकून
आपापल्या गादीवर नजर ठेवून उभी.
रात्रीसुद्धा.
साहेबांना फोन करून विचारलं, हा लाभ धरायचा का?
म्हणाले, तो बागेचा वापर नव्हे.

सरासरी निघाली
माणशी सहा रुपये चाळीस पैसे.
मी पुन्हा केली. सहा चाळीसच.
संख्याशास्त्रात माझा हात चुकत नाही.

शेवटच्या दिवशी तक्ते बांधून झाले,
रिक्षाला अजून वेळ होता.
उन्हं उतरली होती, तापमापक परत केलेला,
म्हणजे किती होतं ते सांगता येणार नाही.
शिरीषाला टेकून बसले,
डोळा लागला असावा.

रात्री ताट वाढता वाढता
आई एकदम थांबली.
मला वळवून उजेडात धरलं,
पाठीवरून हात फिरवला, बोटं बघितली.
‘हळद कुणी लावली गं तुला?’
बाबा वर्तमानपत्रामागून हसले.

मी म्हटलं,
ऑफिसच्या कामात लागली.